हलायचं नाही

चादरीचं एक टोक सुनेच्या हातात होतं, दुसरं सासऱ्यांच्या मुठीत. ओढत कोणीच नव्हतं, पण सोडतही नव्हतं.

"बाबा, सोडा."

"सिस्टर येतील, त्या बघतील."

"सिस्टर परवा येणार. वास आज येतोय."

सासऱ्यांनी मान भिंतीकडे फिरवली. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसले, आणि घरी आल्यापासून ते या पलंगावर उताणे होते. टाके सुकले होते. सगळं सुरळीत चाललंय, असं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालं होतं. पण सून पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती, आणि बाटलीचं झाकण उघडताच नाक जे सांगतं ते सहसा खोटं ठरत नाही, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

"तुम्ही तर सगळी हयात..." ती म्हणाली आणि थांबली.

पुढचं बोलायची गरज नव्हती. सासरे निवृत्तीचं वय उलटून गेल्यावरही कलाशाळेच्या शिल्पविभागात मॉडेल म्हणून जात होते. लंगोट लावून, कधी तोही न लावता, ते लाकडी चौथऱ्यावर उभे राहत किंवा बसत, आणि भोवतीची मुलं मातीत त्यांच्या बरगड्या, गुडघे, मानेची शीर शोधत राहत. मुलांनी त्यांचं नाव पुतळेबुवा ठेवलं होतं. ते नाव त्यांना आवडत होतं, पण घरात ते कधी उच्चारलं जात नसे.

"तिथे मी नसायचो," सासरे भिंतीला म्हणाले. "तिथे काम असायचं. इथे मी सासरा आहे."

तिने जरा विचार केला.

"मग थोडा वेळ मीही सून नसते."

मूठ हळूहळू सैल झाली.

तिने एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून त्यांना कुशीवर वळवलं. पाठीखाली नवऱ्याने आणलेली हवेची रबरी रिंग होती. ती चिकटली होती. काढताना आवाज आला. माकडहाडाच्या वर बशीएवढा लाल-जांभळा गोल पडला होता आणि त्याच्या मधोमध लिंबाच्या फोडीएवढी जागा उघडी होती. कड काळपट, तळाशी पिवळा, ओला थर. तिने कडेच्या लाल कातडीवर बोट दाबलं आणि उचललं. चांगली कातडी दाबल्यावर क्षणभर पांढरी पडते आणि मग तिथे रक्त परत येतं. इथे लाल होतं ते लालच राहिलं.

"कधीपासून दुखतंय?"

"दुखत नाही."

"बाबा."

"दुखायचं. आता नाही."

तिने फोन उचलला.

सिस्टर दुपारीच आल्या. मोठ्या बांध्याची, मोठ्या आवाजाची बाई. चपला दारात काढायच्या आधीच त्यांचं बोलणं आत यायचं. त्यांनी जखम पाहिली, टाचा पाहिल्या. उजव्या टाचेवर पाण्याचा फोड धरू लागला होता. मग त्यांनी रिंग उचलून हवेत धरली.

"ही कोणी आणली?"

"मी," नवरा म्हणाला. तो दाराशी उभा होता, नजर छताकडे लावून. "दुकानदार म्हणाला की जखम टेकत नाही."

"दुकानदाराला बसवा हिच्यावर. मधल्या भोकात जखम लटकते आणि कडेकडेनं रक्त अडतं. जिला रक्त हवं, तिचंच पाणी तोडलं म्हणा की. आणि तेलाचा वास कसला?"

"रोज सकाळी मालिश करतो मी. लाल दिसत होतं म्हणून."

"ठेच लागलेल्या बोटावर हातोडी मारता का कधी?"

नवऱ्याने मान खाली घातली. रिंग शोधायला तो अर्धं गाव पालथं घालून आला होता, आणि मालिश करताना वडिलांच्या पाठीशी हळू आवाजात बोलत असे. सुनेने ते ऐकलं होतं. म्हणून ती मध्ये बोलली, "आता काय करायचं ते सांगा."

सिस्टरनी सांगितलं. मेलेलं मांस डॉक्टर कापून काढतील, त्यावाचून खालचं जिवंत मांस वर यायचं नाही. जखम सलाईनने धुवायची, स्पिरिट ओतायचं नाही. कोरडी सुकवायची नाही, ओलसर झाकायची. दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर नाही, नाहीतर खुब्याच्या हाडावर तेच होईल. पाठीमागे उशी लावून अर्धवट तिरकं. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. पलंगाची डोक्याकडची बाजू फार वर करायची नाही, माणूस खाली घसरतो आणि कातडी मागे राहते. वर सरकवताना ओढायचं नाही, दोघांनी उचलायचं. अंडी, दूध, पोटात जाईल तितकं.

"आणि नाही भरली तर?" नवऱ्याने विचारलं.

सिस्टर एकदाच हळू आवाजात बोलल्या. "अजून हाडापर्यंत गेलेली नाही. गेली तर जंतू रक्तात उतरतात. रक्तातून ते खुब्यातल्या पट्टीवर जाऊन बसले तर पट्टी काढावी लागते. मग यांनी पुन्हा उभं राहायचं नाव काढायचं नाही."

सासरे डोळे मिटून पडले होते. पण ऐकत होते.

सुनेने रजा टाकली. डॉक्टरांनी घरी येऊन मेलेलं मांस काढलं. त्या वेळी तिने बॅटरी धरली आणि नवऱ्याने बाहेर अंगणात फेऱ्या मारल्या. "मी आत आडवा झालो तर दोघांना कुशीवर वळवावं लागेल तुला," तो म्हणाला. रात्रीचं वळवणं मात्र त्याने आपणहून अंगावर घेतलं, आणि त्यात तो एकदाही चुकला नाही.

आठवड्यातून एकदा ती जखमेवर पारदर्शक प्लॅस्टिकचा धुतलेला तुकडा धरून मार्करने कड गिरवी. पहिली रेष आणि दुसरी रेष एकावर एक ठेवून खिडकीशी धरली, तेव्हा त्या जवळजवळ एकच दिसल्या. तिसरी एका बाजूला किंचित बाहेर गेली होती. कूस वेळेवर बदलली जात होती. चादर ती इस्त्री करून घालत होती. सकाळी दोन अंडी जात होती, तीही ओरडा न करता. तरी जखम हटत नव्हती.

गडबड कुठेतरी मोजण्यात नसेल तर नमुन्यातच असणार, असं तिला शिकवलं होतं. तिने खुर्ची घेतली आणि पलंगासमोर बसून राहिली. काही न करता, नुसती बघत.

सासरे डावीकडे तिरके होते. जागे होते. पापण्या लवत होत्या. छाती हलते की नाही हे कळायला नीट बघावं लागत होतं. थोड्या वेळाने एक माशी त्यांच्या मनगटावर बसली. ती कोपरापर्यंत चालत गेली, तिथे थांबून तिने पाय चोळले, परत फिरली. सासऱ्यांनी डोळ्यांनी तिला कोपरापर्यंत पोचवलं आणि परत आणलं. हात हलला नाही.

"माशी तरी हाकला, बाबा."

"कशाला? ती आपली आपण जाते."

ती खुर्चीवर पुढे सरकली. वळवल्यापासून इतका वेळ झाला होता आणि चादरीला एक सुरकुती नव्हती. तिची आणि नवऱ्याची चादर सकाळी कुस्तीचा फड उठल्यासारखी दिसायची. झोपेतसुद्धा माणसाचं अंग मिनिटा-मिनिटाला कुठे ना कुठे सरकतं, भार इकडचा तिकडे करतं. त्यासाठी कोणी कोणाला उठवत नाही.

"तुम्ही असेच पडून असता? आम्ही वळवतो तेवढेच हलता?"

"डॉक्टर म्हणाले ना, हलायचं नाही. मी नाही हललो." आवाजात तक्रार नव्हती. नेमून दिलेलं काम चोख केलेल्या माणसाचा आवाज होता तो.

"पाय हलवायचा नाही म्हणाले होते. पाय."

"पाय काय वेगळा असतो? अंगठा हलला तरी खांदा बदलतो. विचार कलाशाळेतल्या आमच्या बाईंना."

"आणि दुखायला लागलं की?"

हा प्रश्न त्यांना आवडला. कामाबद्दल त्यांना घरात आजवर कोणी काही विचारलं नव्हतं.

"आधी ओरडतं," ते म्हणाले. "तिकडे बघायचं नाही. मग कुरकुरतं. तेव्हाही बघायचं नाही. मग कंटाळून झोपतं."

"ते झोपत नाही, बाबा. मरतं." तिला वाटलं होतं त्यापेक्षा तिचा आवाज कडक निघाला. "नळीवर पाय देऊन उभं राहिलं तर पुढे पाणी जातं का? तसं खालचं रक्त अडतं. ओरडत होतं ते मांस. गप्प झालं ते मेलं म्हणून. पाठीला भोक पडलंय ना, ते तुमचं झोपलेलं दुखणं आहे."

माशी उडून गेली.

"मग चौथऱ्यावर कधी काही झालं नाही ते?"

"तिथे मधे मधे उतरत होतात."

"टाळी वाजली की. बाई टाळी वाजवायच्या, की विश्रांती."

"इथे कोणी वाजवत नाही."

"हलेन मी," ते म्हणाले. "आता कळलं. हलेन."

आणि त्यांनी खरंच ठरवलं होतं. पण ठरवून काही उपयोग होईना. ती स्वयंपाकघरातून डोकावली की ते तसेच असत, आणि तिला पाहताच अपराध्यासारखे कंबर उचलायला जात. "मला कळतच नाही कधी हलायचं," एकदा ते म्हणाले. "आतून कोणी सांगतच नाही." तिने उशाशी अलार्म लावून ठेवला. तो वाजून वाजून बंद झाला. त्यालाही त्यांनी झोपवलं होतं.

"घड्याळाचं ऐकून उठायला मी काय कोंबडा आहे?"

रजा संपत आली होती. ती कामावर गेली की दुपारभर घरात दुसरं कोणी नव्हतं. तिने एक दिवस नवऱ्याला पलंगाशी बसवलं आणि ती कलाशाळेत गेली.

शिल्पविभागाच्या खोलीत मातीचा थंड वास होता. मधल्या चौथऱ्यावर कोणी नव्हतं, पण फळ्यांवर खडूने दोन पावलांच्या कडा काढलेल्या होत्या, म्हणजे विश्रांतीनंतर परत तिथेच, तसंच उभं राहता यावं. शेजारी पुरुषभर उंचीचं काहीतरी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. शिकवणाऱ्या बाई एप्रनला हात पुसत आल्या. केस पिकलेले, नखांत माती.

"बुवा कसे आहेत? रोज पाणी मारतोय आम्ही," त्या फडक्याकडे बघत म्हणाल्या. "माती वाळली की तडकते. बुवा येईपर्यंत पुतळा टिकवायचाय."

सुनेने सगळं सांगितलं. जखम, माशी, अलार्म. बाईंनी स्टुलावर बसून ऐकलं.

"आम्हीच चढवून ठेवलं त्यांना," त्या शेवटी म्हणाल्या. "मी इथे शिकत होते तेव्हापासून हे आहेत. टाळी वाजवली तरी उतरायचे नाहीत कधी कधी. आणि आम्ही पाहुण्यांना आणून दाखवायचो, बघा, श्वाससुद्धा दिसत नाही."

"टाळीचं ऐकतात ते. पण तुमच्याच. म्हणून आले."

"म्हणजे?"

"तुम्ही दुपारचं घरी येऊन चित्रं काढाल? छोट्या छोट्या बैठकींची. एक झालं की दुसरी कूस."

बाई हसल्या. "झटपट रेखाटनं? अहो, त्याला त्यांचा नकार असतो. एकदा म्हणाले, त्यासाठी माकड आणा."

"मग माकड म्हणा त्यांना. पण या."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, चौथऱ्यावरच्या माणसाकडे पाहावं तसं. "दुपारी दोनला तास संपतो माझा," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी सासऱ्यांनी अंगावर चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. बाई कागद लावलेला फळा मांडीवर घेऊन बसल्या, कोळसा काढला, आणि त्यांच्याकडे बघायच्या थांबल्या नाहीत. हळूहळू सासऱ्यांच्या चेहऱ्यावरची ओळख पुसली गेली. त्यांनी चादर कमरेपर्यंत खाली सरकवली आणि हनुवटी किंचित उचलली. खोलीत काम सुरू झालं होतं.

टाळी वाजली. सासरे वळले. पलंगाच्या कठड्याला धरून, बाईंच्या मदतीने, दात आवळून, पण वळले.

"छान. आता खांदा सैल. पाठीचा भार कोपरावर."

"ही काय बैठक आहे, बाई?"

"मला हवी आहे ती आहे."

नंतर बाईंना जमत नसे तेव्हा वरच्या वर्गातली मुलं येऊ लागली, एका वेळी एकच. त्यांना बाईंनी एक गोष्ट बजावून ठेवली होती: चित्र अर्धं राहिलं तरी चालेल, टाळी चुकता कामा नये. भिंतीवर तिरके, पाठमोरे, वळते सासरे जमा होऊ लागले. जखमेच्या बाजूने काढलेलं एक चित्र होतं. त्यात पाठीच्या खालच्या भागावर पांढरी चौकोनी पट्टी तितक्याच काळजीने काढली होती जितकी काळजी मानेची शीर काढताना घेतली होती. सासऱ्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि ते खाली काढायला सांगितलं नाही. नवरा मात्र त्याच्याखाली जेवायला बसत नसे.

सून संध्याकाळी येऊन ड्रेसिंग सोडायची. पिवळा थर आता येत नव्हता. तळाशी ओल्या, लालसर बारीक दाण्यांचं मांस वर येत होतं, आणि कडेने कागदापेक्षा पातळ गुलाबी कातडी आत सरकत होती. प्लॅस्टिकवरच्या रेषा एकीच्या आत एक बसू लागल्या. बाईंनी ते तुकडे खिडकीशी धरलेले एकदा पाहिले.

"रेष बरी आहे तुझी," त्या म्हणाल्या. "हात थरथरत नाही."

"थरथरून चालत नाही."

तरी एक गोष्ट सुनेला सतावत होती. सासरे टाळीवर हलत होते, टाळीवाचून नाही. मुलांच्या परीक्षा आल्या की मुलं यायची थांबणार होती. बाईंना वर्ग होता, नवऱ्याला नोकरी, तिला तिची. सिस्टर म्हणाल्या होत्या, भरलेली जागा पहिल्यासारखी मजबूत कधी होत नाही. तोच दाब परत आला तर तीच जागा आधी जाते. टाच बरी झाली होती. जखम अंगठ्याच्या नखाएवढी उरली होती. आणि जखम बंद व्हायच्या आधी सुनेला जे व्हायला हवं होतं, म्हणजे त्यांना आतून कळायला लागणं, ते कुठल्याच सलाईनने होणारं नव्हतं.

शनिवारी प्रयोगशाळेला अर्धा दिवस होता. ती घरी आली तेव्हा बाई फळ्यावर वाकलेल्या होत्या. सासरे दाराकडे पाठ करून तिरके होते, एक हात डोक्याखाली. चांगली बैठक होती ती. चित्रकलेतलं काही न कळणाऱ्या तिलाही कळत होतं. बरगड्यांवर खिडकीतला उजेड एकेक पायरी उतरत होता. बाई कोळसा आडवा धरून घासत होत्या, बोटाने पुसत होत्या, ओठ घट्ट मिटून. त्यांना कशाचं भान नव्हतं.

सून दारात थांबली. टाळीची वेळ टळून गेली होती. हे तिला उशाजवळच्या घड्याळाकडे न बघताही समजलं. तिने बोलायला तोंड उघडलं.

सासऱ्यांचं कोपर गादीत रुतलं. कंबर उचलली गेली, हवेत क्षणभर थांबली, आणि वीतभर पलीकडे, वेडीवाकडी, टेकली. चादर त्यांच्याबरोबर ओढली गेली आणि तिला मोठी चुणी पडली. खांद्यावरचा उजेड विस्कटला.

कोळसा कागदावर थांबला.

"हललो मी," सासरे म्हणाले. आवाज खजील होता. "चित्र गेलं तुमचं."

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग तो उचलून मागे ठेवला आणि कोरा घेतला.

"का हललात?" सून दारातून म्हणाली.

सासऱ्यांनी मान वळवली. ती कधीपासून तिथे उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ते चिडले होते. आपल्यावर, बाईंवर, कोणावर ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"टोचत होतं. ही खालची चादर कोणी घातलीय? चुणी आहे इथे, बरोबर कमरेखाली. किती वेळ सहन करायचं माणसानं?"

"मी घातली," ती म्हणाली. पिशवी खाली ठेवून ती पलंगाशी आली.

"आणि उशी. ही उशी आहे का वीट? मान अवघडली. पायाखालचीही एका बाजूला गेलीय, सकाळपासून सांगीन सांगीन म्हणतोय."

तिने एक हात त्यांच्या कमरेखाली घातला आणि दुसऱ्या हाताने चादर ओढून सरळ करू लागली, लागला असता त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लावून.

"अजून?" तिने विचारलं.